हरवलेला ग्रब परत आणताना : विंडोज आणि उबुंटू एकत्र असलेल्या संगणकाची दुरुस्ती

विंडोज नव्याने टाकले, संगणक पुन्हा सुरू केला आणि जिथे रोज ग्रब या छोट्या प्रोग्रॅमने दाखवलेली, उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) हवे की विंडोज अशी यादी समोर येत असे, तिथे काहीही न विचारता थेट विंडोज उघडले. दोन कार्यप्रणाली एकाच संगणकावर नांदवणाऱ्या जवळपास प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. अशा वेळी पहिला समज असा होतो की लिनक्स पुसले गेले आणि त्याबरोबर आपल्या फायलीही गेल्या. बहुतेक वेळा हा समज चुकीचा असतो. फायली जागच्या जागी असतात, लिनक्सचा गाभाही जागेवर असतो. हरवलेली असते ती फक्त तिथपर्यंत पोहोचवणारी वाट. म्हणून या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आधीच सांगतो : वाट नेमकी कोणत्या टप्प्यावर तुटली आहे हे कळेपर्यंत काहीही फॉरमॅट करू नये, कोणतेही पार्टिशन (डिस्कचा विभाग) पुसू नये आणि लिनक्स पुन्हा टाकण्याची घाई करू नये.

हे इतके आग्रहाने सांगण्यामागे एक अनुभव आहे. माझी भाची पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना तिच्या लॅपटॉपवर हाच प्रकार घडला. दुरुस्तीच्या दुकानात तिला सांगण्यात आले की डिस्क फॉरमॅट करावी लागेल. वर्षभराचा प्रकल्प त्या डिस्कवर होता आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा सुरू होतानाच एफ१२ दाबून पाहिले, तर त्या छोट्या यादीत उबुंटूचे नाव विंडोजच्या खाली शाबूत होते. फक्त क्रम बदलला होता. दुरुस्तीला पाच मिनिटेही लागली नाहीत.

पुढे येणाऱ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टंकाव्यात आणि वेगळे सांगितले नसेल तिथे सर्व अक्षरे लहान ठेवावीत. उदाहरणासाठी विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ असलेला लॅपटॉप धरला आहे. डेबियन आणि मिंट या लिनक्सच्या इतर प्रकारांना जवळजवळ सगळे तसेच लागू पडते, फेडोरा या आणखी एका प्रकाराचा फरक ओघात येईल.

वाट कशी असते

संगणक सुरू होण्याच्या जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातील ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. ४४६ बाइटांत पूर्ण ग्रब मावत नाही, म्हणून त्याचा पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत ठेवलेला असतो. या पद्धतीत विंडोज नव्याने टाकले की ते ४४६ बाइटांचा प्रोग्रॅम सरळ बदलून टाकते आणि ग्रब खरोखरच पुसला जातो.

गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक संगणक मात्र यूईएफआय या नव्या पद्धतीचे आहेत आणि तिथली रचना वेगळी आहे. डिस्कवर फॅट३२ प्रकारचे एक लहान पार्टिशन असते, त्याला ईएफआय सिस्टम पार्टिशन म्हणतात. विंडोजने तयार केले असेल तर ते अनेकदा अवघे १०० एमबीचे असते. त्यात प्रत्येक कार्यप्रणालीचा आपापला फोल्डर असतो. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये विंडोजचा बूट मॅनेजर आणि उबुंटूच्या फोल्डरमध्ये शिम (ग्रबच्या आधी चालणारा स्वाक्षरी केलेला छोटा प्रोग्रॅम) व ग्रब अशा फायली शेजारी शेजारी राहतात, एकमेकींवर लिहिल्या जात नाहीत. यातली कोणती फाइल आधी चालवायची याची यादी डिस्कवर नसून मदरबोर्डवरील स्मृतीत असते. विंडोज नव्याने टाकले, फर्मवेअर (कार्यप्रणालीच्या आधी चालणारा मदरबोर्डवरील प्रोग्रॅम) अद्ययावत केले किंवा बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणली, तर अनेकदा केवळ ही यादी बदलते.

या भेदावरच पुढचे सगळे अवलंबून आहे. यूईएफआय संगणकावर तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडू शकतात : यादीतील क्रम, यादीतील नोंद किंवा पार्टिशनमधील प्रत्यक्ष फायली. आधी सर्वांत हलक्या शक्यतेपासून तपासत जावे.

पेनड्राइव्ह शोधण्याआधी

संगणक सुरू होताच बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोवोच्या लॅपटॉपवर ती बहुधा एफ१२ असते, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप. कळ लागू पडत नसेल तर विंडोजमधूनही तिथे जाता येते : शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक केले की निळ्या पडद्यावर पर्याय येतात, त्यात एखादे उपकरण वापरण्याचा पर्याय निवडला की हीच यादी दिसते. यादीत उबुंटू असेल आणि ते निवडल्यावर ग्रब उघडत असेल, तर दुरुस्ती म्हणजे केवळ फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन उबुंटूला पहिल्या क्रमांकावर आणणे. फर्मवेअर तसे करू देत नसेल तर लिनक्समध्ये शिरून टर्मिनल उघडावे आणि ही आज्ञा द्यावी :

सुडो ईएफआयबूटएमजीआर

सुडो म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे. त्यानंतरचे आज्ञेचे नाव सलग एका शब्दात आहे. उत्तरात प्रत्येक नोंदीपुढे चार अंकी क्रमांक येतो. समजा विंडोजचा ०००१ आणि उबुंटूचा ०००३ आहे, तर क्रम असा बदलावा :

सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ ०००३,०००१

यादीत आणखी नोंदी असतील तर त्यांचे क्रमांकही स्वल्पविरामाने जोडावेत.

बिटलॉकरची किल्ली

इथे थोडे थांबावे लागेल, कारण घाईत ग्रब दुरुस्त करणाऱ्यांचे खरे नुकसान या ठिकाणी होते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने विंडोज टाकले की डिस्कचे कूटबद्धीकरण, म्हणजेच बिटलॉकर, बहुतेक संगणकांवर आपोआप सुरू होते आणि वापरणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. बूट होण्याची साखळी बदलली किंवा सिक्युअर बूट (स्वाक्षरी केलेले प्रोग्रॅमच सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) बंद केले की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागते. ती जवळ नसेल तर लिनक्स वाचवताना विंडोजमधील सगळ्या फायली कायमच्या कुलूपबंद होतात. म्हणून विंडोज उघडत आहे तोवर त्यातच बिटलॉकरची स्थिती पाहावी, किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे याची खात्री करावी आणि ती कागदावर लिहून घ्यावी. मोबाइलमध्ये फोटो काढला तरी चालेल, पण त्याच लॅपटॉपवर जतन करून उपयोग नाही.

याच वेळी विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असताना शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसते. विंडोज अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्सला त्याची पार्टिशने सुरक्षितपणे लिहिण्यासाठी उघडता येत नाहीत.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून दुरुस्ती

बूट मेनूत उबुंटूचे नावच नसेल, किंवा असूनही ते निवडल्यावर काही घडत नसेल, तर लाइव्ह पेनड्राइव्ह लागेल, म्हणजे डिस्कवर न बसवता ज्यावरून थेट उबुंटू चालवता येते असा पेनड्राइव्ह. उबुंटूची आयएसओ फाइल आता सुमारे ६ जीबीची असते, त्यामुळे ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. विंडोजमध्ये रूफस हा प्रोग्रॅम वापरून तो तयार करता येतो. शक्यतो डिस्कवर आहे त्याच आवृत्तीचा पेनड्राइव्ह घ्यावा.

पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने बूट होतो याकडे बारीक लक्ष द्यावे. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय या शब्दासह. विंडोज यूईएफआय पद्धतीचे असेल तर दुसरी नोंदच निवडावी. चुकीच्या पद्धतीने बूट करून केलेली दुरुस्ती यशस्वी झाल्यासारखी दिसते, पण संगणक सुरू केला की पूर्वीचीच स्थिती असते. उबुंटू वापरून पाहण्याचा पर्याय निवडून टर्मिनल उघडावे आणि आधी हे तपासावे :

एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय

उत्तरात फोल्डरांची नावे आली तर पद्धत बरोबर आहे. असा फोल्डर नाही असे उत्तर आले तर पुन्हा रीस्टार्ट करून दुसरी नोंद निवडावी.

आता डिस्कचा नकाशा पाहावा :

एलएसबीएलके -एफ

या तक्त्यात दोन ओळी शोधायच्या असतात. ईएक्सटी४ प्रकारचे मोठे पार्टिशन म्हणजे बहुधा उबुंटूचे मूळ पार्टिशन, आणि व्हीफॅट प्रकारचे लहान पार्टिशन म्हणजे ईएफआय सिस्टम पार्टिशन. नव्या लॅपटॉपवर डिस्कचे नाव एनव्हीएमई०एन१ असे आणि पार्टिशनांची नावे त्यापुढे पी१, पी२ अशी असतात. सॅटा डिस्कवर एसडीए१, एसडीए२ अशी येतात. व्हीफॅट पेनड्राइव्हवरही सापडते, त्यामुळे ओळ कोणत्या डिस्कखाली आहे हे दोनदा पाहावे. पुढील उदाहरणात मूळ पार्टिशन पी५ आणि ईएफआय पार्टिशन पी१ आहे. आपापले क्रमांक त्या जागी घालावेत. माउंट करणे म्हणजे पार्टिशन एखाद्या फोल्डरला जोडून उघडणे.

सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी५ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /एमएनटी/बूट/ईएफआय

बूटसाठी वेगळे पार्टिशन केलेले असेल तर या दोन आज्ञांच्या मधे ते /एमएनटी/बूट येथे माउंट करावे. डिस्क कूटबद्ध असेल तर आधी फाइल व्यवस्थापकातून तिच्यावर क्लिक करून परवलीचा शब्द देऊन ती उघडून घ्यावी, म्हणजे मूळ पार्टिशन तक्त्यात दिसू लागेल.

यानंतर लाइव्ह प्रणालीतील चार फोल्डर दुरुस्त करायच्या प्रणालीला जोडून द्यायचे असतात. ग्रबला डिस्कची नावे, चालू प्रक्रियांची माहिती आणि मदरबोर्डवरील स्मृती या सगळ्यांपर्यंत पोहोचता यावे, यासाठी ही जोडणी लागते.

सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
सुडो माउंट --आरबाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
सुडो माउंट --आरबाइंड /सिस /एमएनटी/सिस
सुडो माउंट --आरबाइंड /रन /एमएनटी/रन

अनेक जुन्या मार्गदर्शिकांत आरबाइंडऐवजी नुसते बाइंड लिहिलेले आढळते. नुसत्या बाइंडने सिस हा फोल्डर जोडला जातो, पण त्याच्या आत वेगळा माउंट झालेला ईएफआय-व्हार्स हा फोल्डर येत नाही, आणि मग शेवटच्या पायरीवर ग्रब नोंद करता येत नसल्याची तक्रार करतो. त्या एका अक्षराने बराच वेळ वाचतो.

आता सीएचरूट या आज्ञेने आपल्या मूळ उबुंटूच्या आत शिरावे आणि ग्रब पुन्हा बसवावा :

सुडो सीएचरूट /एमएनटी
ग्रब-इन्स्टॉल
अपडेट-ग्रब

यूईएफआयमध्ये ग्रब-इन्स्टॉलपुढे डिस्कचे नाव देण्याची गरज नसते. उत्तराच्या पहिल्या ओळीत एक्स८६_६४-ईएफआय असा उल्लेख आणि शेवटी कोणतीही चूक आढळली नाही असे वाक्य आले की काम झाले. पहिल्या ओळीत आय३८६-पीसी दिसले तर मात्र ग्रब जुन्या पद्धतीने बसवला जात आहे. तिथेच थांबून पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने बूट झाला ते पुन्हा तपासावे.

खरोखरच जुन्या बायोस पद्धतीचा संगणक असेल तर ग्रब-इन्स्टॉलपुढे पूर्ण डिस्कचे नाव द्यावे लागते, म्हणजे /डेव्ह/एसडीए. शेवटी अंक जोडून पार्टिशनचे नाव देऊ नये, कारण इथे ग्रब डिस्कच्या आरंभी बसायला हवा. ईएफआय पार्टिशन माउंट करण्याची पायरी अर्थातच गाळावी.

फेडोरावर यूईएफआय असताना ग्रब२-इन्स्टॉल चालवूच नये. तिथे स्वाक्षरी केलेल्या फायली पॅकेजमधून येतात आणि हाताने बसवलेल्या ग्रबला सिक्युअर बूट नाकारते. सीएचरूटमध्ये शिरून डीएनएफ रीइन्स्टॉल या आज्ञेने ग्रब२-ईएफआय आणि शिम ही पॅकेजे पुन्हा बसवणे हाच तिथला मार्ग आहे. शिवाय फेडोरा ३३ पासून मूळ पार्टिशन बीटीआरएफएस प्रकारचे असते, त्यामुळे माउंट करताना रूट नावाचा सबव्हॉल्यूम (पार्टिशनमधील उपविभाग) सांगावा लागतो.

शेवटी एक्झिट टंकून बाहेर यावे आणि रीस्टार्ट करावे. जोडलेले फोल्डर एकेक करून सोडवत बसण्याची गरज नाही.

ईएफआय पार्टिशनच नवे झाले असेल तर

विंडोज टाकताना सर्व पार्टिशने नव्याने केली गेली आणि त्यात ईएफआय पार्टिशन फॉरमॅट झाले, तर वरील दुरुस्तीनंतर ग्रब दिसतो, उबुंटू सुरूही होते, पण अर्ध्यावर थांबून आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर येते. येथे पुष्कळजण दुरुस्ती फसली असे मानून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. कारण साधे असते. नव्या पार्टिशनला नवा ओळखक्रमांक मिळालेला असतो, आणि उबुंटूच्या /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये /बूट/ईएफआयच्या ओळीत जुनाच क्रमांक असतो. सीएचरूटमध्ये असतानाच बीएलकेआयडी ही आज्ञा देऊन व्हीफॅट पार्टिशनचा नवा क्रमांक पाहावा. तो चार अक्षरे, मधे रेघ आणि पुन्हा चार अक्षरे असा लहान असतो. नॅनो या मजकूर संपादकाने एफएसटॅब उघडून तेवढाच भाग बदलावा आणि बाकीच्या ओळींना हात लावू नये.

ग्रबचा नुसता संकेत आला तर

विंडोजही उघडत नाही आणि काळ्या पडद्यावर ग्रब हा शब्द व त्यापुढे बाणासारखे चिन्ह दिसते, ही स्थिती अधिक भीतीदायक वाटते, पण येथे ग्रब सुरू झालेला असतो. त्याला आपली पुढची फाइल सापडत नसते. पार्टिशनांची फेररचना केल्यावर हे हमखास घडते. यातून पेनड्राइव्हशिवायही लिनक्समध्ये शिरता येते.

प्रथम नुसते एलएस टंकावे. उत्तरात (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी५) अशी नावे येतात. एकेक नाव घेऊन, त्यापुढे तिरकी रेघ देऊन, त्यात काय आहे ते पाहावे. ज्यात ईटीसी, होम, यूएसआर असे फोल्डर दिसतील ते उबुंटूचे मूळ पार्टिशन. समजा ते पाचवे आहे, तर :

सेट रूट=(एचडी०,जीपीटी५)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब
कॉन्फिगफाइल /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

नेहमीची यादी समोर येईल. संकेतात ग्रबसोबत रेस्क्यू हा शब्दही असेल तर तिसऱ्या ओळीऐवजी इन्समॉड नॉर्मल आणि त्यानंतर नॉर्मल अशा दोन आज्ञा द्याव्यात. ही सोय फक्त त्या एका वेळेपुरती असते, म्हणून लिनक्स उघडताच टर्मिनलमध्ये सुडोसह ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवून ती कायम करावी.

एकाही पार्टिशनमध्ये लिनक्सचे फोल्डर सापडले नाहीत, तर कोणीतरी लिनक्सचे पार्टिशनच पुसले असण्याची शक्यता आहे. तेव्हा दुरुस्तीचे प्रयत्न थांबवावेत आणि डिस्कवर काहीही नवे लिहिले जाऊ न देता आधी टेस्टडिस्कसारख्या साधनाने पार्टिशन परत मिळते का ते पाहावे.

ग्रब आला, विंडोज गेले

ग्रबची यादी आली, पण त्यात विंडोजचे नाव नाही, अशीही तक्रार नेहमी येते. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ आवृत्तीपासून इतर कार्यप्रणाली शोधण्याचे काम सुरक्षेच्या कारणास्तव मुळात बंद ठेवलेले असते. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडून त्यात ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ लिहावी, बरोबरच्या चिन्हाआधीचा भाग मोठ्या अक्षरांत आणि फॉल्स लहान अक्षरांत, आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवावे. उत्तरात विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ दिसली पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अद्यतनानंतर अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होताना शिमची एसबॅट माहिती पडताळता आली नाही आणि सुरक्षा धोरणाचा भंग झाला, असा संदेश येऊ लागला होता. तिथे ग्रब हरवलेला नव्हता. जुन्या शिमवरचा विश्वास काढून घेतला गेला होता. असा संदेश आला तर ग्रब पुन्हा बसवण्याने काही साधत नाही. बिटलॉकरची किल्ली हाताशी ठेवून सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्समध्ये जाऊन शिमसह सर्व अद्यतने घ्यावीत आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे. ते कायमचे बंद ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण बूट होतानाच शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमपासून तेच संरक्षण देते.

दुरुस्ती टिकते का, हे एकदा सुरू करून कळत नाही. काही लॅपटॉपचे फर्मवेअर विंडोजला पुन्हा पुन्हा पहिल्या क्रमांकावर आणते. म्हणून आधी उबुंटू, मग विंडोज, मग पूर्ण बंद करून पुन्हा उबुंटू असे तीनदा करून पाहावे. क्रम परत फिरत असेल तर लिनक्समधून ग्रब-इन्स्टॉल --रिमूव्हेबल ही आज्ञा सुडोसह द्यावी. त्यामुळे ईएफआय पार्टिशनमधील बूट या सामाईक फोल्डरमध्येही ग्रबची प्रत बसते आणि यादीत दुसरे काही न सापडल्यास फर्मवेअर तिथे पाहते. त्या फोल्डरमधील आधीच्या फायलींची प्रत आधी काढून ठेवावी. सगळे सुरळीत झाले की एलएसबीएलके -एफ आणि ईएफआयबूटएमजीआर -व्ही या दोन आज्ञांच्या उत्तरांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत, आणि ज्याने दुरुस्ती केली तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कामाला न लावता लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवावा.